मोजायचा, उचलायचा नाही

रावजी सपकाळाचा फोन पाण्यात पडला तेव्हा मी त्याच्याच होडीत बसलो होतो. समोरच्या फळीवर सुगंधा आणि तिचा बाप धाकलू शेलार. आम्ही तिघं तालुक्याला जाऊन सुगंधाच्या परीक्षेचा फॉर्म भरून परत येत होतो. होडी काठाला लागायला पाच-सहा हात उरले होते. रावजी इंजिन बंद करायला वाकला आणि सदऱ्याच्या वरच्या खिशातला फोन सरळ पाण्यात गेला.

कोणी काही म्हणायच्या आत सुगंधा खाली उतरली होती. गुडघाभर पाणी होतं. तिनं दोन्ही हातांनी गाळ चाचपला आणि फोन वर काढला.

रावजीनं तो झटकला, फुंकर मारली, कानाला लावला आणि म्हणाला, "हॅलो."

"कोण बोलतंय? मासा?" धाकलूनं विचारलं.

"गप ए. दिवाळीत आलाय. नवा हाय अजून."

"मग नव्या नवरीला बरी विहिरीवर नेलीस." धाकलू लेकीकडे वळला. "फारमाची पावती कुटं हाय?"

"गुरुजींच्या पिशवीत."

"मग बुडू दे फोन."

रावजीनं फोन तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. बाहेर काढला तेव्हा त्याचा दिवा लागला, आकडे दिसले, घंटीही खणखणीत वाजली. पण बोललेलं इकडचं तिकडे जाईना आणि तिकडचं इकडे येईना. उचलला की नुसता शू असा आवाज.

आंबवण ही धरणाच्या पाण्यापलीकडची वाडी, बत्तीस घरांची. वर घाटमाथा, खाली पाणी. गाडीरस्ता होता तो समोरच्या काठावर, वाघोट्याला. रावजी वाघोट्याचा, आणि होडी त्याची एकट्याची. तो आला तर आम्ही जगात, नाही तर नाही. मी तिथल्या शाळेत एकटा शिक्षक होतो. आठवडाभर शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचो. ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट.

त्या दिवाळीला वाडीतल्या, मुंबईत कामाला असलेल्या शिवराम मुकादमानं तिकडून दोन फोन आणले होते. दोन्ही एकसारखे. काळे, बोटभर लांब, रबराची बटणं, डोक्यावर छोटी बॅटरी. एक त्यानं रावजीला दिला, एक वाडीला. वाडीचा फोन शाळेच्या खिडकीत राहायचा, कारण रेंज फक्त तिथंच होती. तीही उजव्या कोपऱ्यात. वीतभर डावीकडे सरकवला की गेली.

फोनबद्दल ज्याचं त्याचं मत होतं. चार्जिंग आठ दिवस पुरतं हे सगळ्यांनाच मान्य होतं, कारण वाडीत लाईट असायची तेव्हा असायची. गंगूआत्या त्याच्या बॅटरीवर खूश होती. गोठ्यात जायला फोन मागून न्यायची आणि म्हणायची, "उजेड ब्येस पडतोय. बाकी ही बटणं कशापायी हायती कुणास ठावं." धाकलूला बटणांचाच राग. त्याच्या बोटाखाली एकदम दोन दाबली जायची. "ह्यो फोन लेखनिकाच्या बोटासाठी केलाय, माझ्या न्हाय," असं तो म्हणायचा. शिवरामच्या आईनं पहिल्यांदा लेकाचा आवाज ऐकला आणि फोन ठेवून रडायला लागली. का रडतेस म्हटलं, तर म्हणाली, "आवाज बारीक झालाय त्याचा. खात न्हाय तिथं काय."

रावजीच्या फोनला फक्त घंटी उरल्यावर धाकलूनं तो फेकून दे म्हटलं. मी म्हटलं, थांबा. घंटी आहे ना? घंटी पुरे.

मी एक मोजणी ठरवली. आपण रावजीला फोन लावायचा, ठरलेल्या रिंगा होऊ द्यायच्या आणि तोडायचा. एक रिंग म्हणजे काठावर उतारू आहे. तीन म्हणजे ओझं आहे, मोठी होडी आण. पाच म्हणजे आजारी माणूस आहे, असशील तसा नीघ. रावजीकडूनही तसंच. एक म्हणजे निघालो. तीन म्हणजे सामान आहे, काठावर माणूस पाठवा. पाच म्हणजे वारा आहे, येत नाही. मधले आकडे मुद्दाम सोडले होते, कारण एखादी रिंग इकडेतिकडे व्हायची. दोन झाल्या तर एक धरायची, चार झाल्या तर तीन.

आणि एक नियम. शाळेतला फोन वाजला की उचलायचा नाही. कोणी तरी घाईनं उचलायचं, शू ऐकत बसायचं, आणि रावजीला तिकडे कळायचं नाही की मोजणी पोचली का तुटली. म्हणून मोजायचा, उचलायचा नाही. शिवरामचा फोन रविवारी सकाळी नऊला यायचा, तेवढा उचलायचा.

हे मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं. पोरांकडून टाळ्यांवर म्हणून घेतलं. "फोन वाजला तर काय करायचं?" "मोजायचा." "काय नाही करायचं?" "उचलायचा नाही." पोरांनी घरी जाऊन आयांना शिकवलं, आयांनी सासवांना. पंधरा दिवसांत वाडीत असं माणूस उरलं नाही ज्याला ती मोजणी येत नव्हती. डिसेंबरात गंगूआत्याच्या नातवाला विंचू चावला. पाच रिंगा दिल्या आणि रावजी जेवणाच्या ताटावरून उठून आला. पोरगा वाचला. त्यानंतर तो नियम देवाच्या नियमासारखा झाला. केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'मोबाईलचा स्तुत्य उपक्रम.' ती ओळ मी पुष्कळदा वाचली.

सुगंधा चौथीत होती. आंबवणची शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर वाघोट्याहून वर सहा मैल चालावं लागे. मुलगे कोणाकडे तरी राहून शिकायचे. मुली थांबायच्या. माझ्या आधीच्या गुरुजींच्या आणि माझ्या अशा एकवीस वर्षांत आंबवणची एकही मुलगी पाचवीत गेली नव्हती. सरकारी निवासी शाळा होती, जिल्ह्याच्या गावी. तिथं पाचवी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मिळे. त्यासाठी चौथीच्या मुलांची प्रवेश परीक्षा असायची, फेब्रुवारीत. फॉर्मवरच छापलं होतं की ही परीक्षा विद्यार्थ्यास एकदाच देता येईल.

धाकलू आधी तयार नव्हता. "पोरगीला एवढ्या लांब?" मी तीनदा त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय तर जाऊ दे. पर पास झाली तर. नापास झाली तर पुन्यांदा ह्यो विषय काढायचा न्हाय, गुरुजी."

"नाही काढणार," मी म्हणालो. "पास होईल ती."

मला त्यात शंका नव्हती. अशी मुलं मी फार शिकवली नाहीत. गणित घातलं की ती आधी खिडकीबाहेर बघायची, मग उत्तर सांगायची, आणि मग विचारल्यावर रीत सांगायची. अक्षरही तसंच. वाडीतली सगळी पत्रं, सगळे अर्ज मी सांगायचो आणि ती लिहायची.

परीक्षा रविवारी होती. त्याआधीच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तिचा शेवटचा सराव घेतला. दीड तासाचा पेपर, खऱ्या परीक्षेसारखा. बाकीची पोरं घरी गेली होती. ती खिडकीखाली चटईवर बसली, मी टेबलापाशी गजराचं घड्याळ ठेवून. मी तिला म्हणालो होतो, "आजपासून परीक्षाच समज. काहीही झालं तरी उठायचं नाही. छप्पर पडलं तरी."

"छप्पर पडल्यावर पेपर कुठं लिहिणार, गुरुजी?"

"चटईखाली. बोलू नकोस. सुरू कर."

अर्धा तास झाला असेल. तिच्या डोक्यावर खिडकीत फोन वाजला. तिचे ओठ सवयीनं हलायला लागले. पाचला ते थांबायला हवे होते, पण फोन थांबला नाही.

"गुरुजी, सात."

"लिही."

"नऊ झाल्या. अजून वाजतोय."

"आपल्या यादीत आहे का नऊ?"

"नाही."

"मग आपला नाही तो. लिही."

फोन अकराला थांबला. तिनं मान खाली घातली. मिनिटभरानं तो पुन्हा वाजायला लागला. आता ती गुडघ्यावर उठली आणि तिचा हात खिडकीकडे गेला.

"उचलू, गुरुजी?"

"परीक्षेत उठतात का?"

"नाही."

"आणि फोन उचलतात का?"

"नाही. मोजतात."

"बस खाली."

ती बसली. फोन पुन्हा अकरा वेळा वाजून थांबला. तिनं पेपर वेळेच्या सात मिनिटं आधी संपवला. शंभरातले चौऱ्याण्णव. मी तिला दोन चुका दाखवल्या, बाकीच्या तिनंच सांगितल्या.

ती गेल्यावर मी फोन हातात घेतला. घरातल्या फोनसारखा लांबलचक नंबर होता, सुरुवात तालुक्याच्या कोडची. पतपेढीचा असेल, असं मला वाटलं. त्यांचे लोक कधीकधी सभासद गोळा करायला फोन करत. दुसऱ्या दिवशीची मोजणी स्वच्छ राहावी म्हणून संध्याकाळी फळा पुसल्यावर फोनमधले आकडेही पुसायचे, अशी माझी पद्धत होती. तसे ते पुसले.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. धाकलूही येणार होता, पण पहाटे त्याची म्हैस व्यायला आली. तो काठापर्यंत आला, हाताला शेण तसंच. "गुरुजी हायती न्हवं," तो लेकीला म्हणाला, "मग मी असून नसून सारखाच. नीट लिव." सुगंधाच्या आईनं तिच्या हातावर दही-साखर ठेवली. गंगूआत्यानं माझ्याही हातावर ठेवली. म्हणाली, "तुमीबी खावा. परीक्षा तुमचीबी हाय."

साडेनऊला आम्ही तालुक्याच्या मोठ्या शाळेपाशी पोचलो. पेपर अकराला होता. फाटकाला कुलूप होतं. मला वाटलं, आपण लवकर आलो. सुगंधा पायरीवर बसून पट्टी, पेन्सिल, खोडरबर पुन्हा मोजायला लागली. पावणेदहा झाले. दुसरं एकही मूल आलं नाही. तेव्हा मी फाटकातून आत वाकून बघितलं. व्हरांड्यात एक फळा टेकवून ठेवला होता. त्यावर खडूनं लिहिलं होतं. इमारतीचे काम निघाल्याने परीक्षा केंद्र बदलले आहे. नवीन केंद्र, माध्यमिक शाळा, करंजफाटा.

करंजफाटा तिथून बावीस किलोमीटर होता. एसटी साडेदहाची होती, ती रविवारी नसते असं कंट्रोलरनं सांगितलं. वडापची जीप उभी होती, पण ती भरल्याशिवाय निघेना. मी ड्रायव्हरला सांगितलं, मुलीची परीक्षा आहे. तो म्हणाला, "व्हय की, निघतोयच. अजून चार शिटं." मी म्हटलं, चार जणांचं भाडं मी देतो, नीघ. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि जीप सुरू केली. वाटेत रस्त्याचं काम होतं. एका बाजूची गाडी सोडत होते, मग दुसऱ्या बाजूची. आम्ही दुसऱ्या बाजूला होतो. माझ्यासमोर ड्रायव्हरच्या आरशाला लाल गोंडा बांधलेला होता. मी त्या गोंड्याकडे बघत होतो. सुगंधानं एकदा विचारलं, "किती वाजले?" मी सांगितलं. मग तिनं विचारलं नाही.

करंजफाट्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत. साडेअकराला फाटक बंद झालं होतं.

केंद्राचे पानसकर म्हणून गृहस्थ होते, ते फाटकापाशी आले. माझ्याच वयाचे, चष्मा दोरीला लावलेला. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आंबवण," ते म्हणाले. "तुमचीच वाट बघत होतो, गुरुजी. साडेअकराला शिपाई फाटक लावत होता, त्याला दोन मिनिटं थांबवला मी. पण आता पाकिटं फुटली, हजेरी वर गेली. माझ्या हातात काही नाही."

"दहाच मिनिटं उशीर झालाय."

"माहीत आहे. पण गुरुजी, तुम्ही फोन का उचलला नाहीत?"

मी फाटकाचा गज धरला.

"शुक्रवारी दुपारपासून सगळ्या शाळांना फोन केले मी. स्वतः. सदतीस शाळा. ज्यांना फोन नाहीत त्यांना माणूस धाडला. तुमचा नंबर फॉर्मवर होता, चांगल्या अक्षरात. दोनदा लावला. पूर्ण वाजला." त्यांनी वहीतलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. आंबवण, त्यापुढे नंबर, त्यापुढे दोन वेळा, आणि शेवटी 'उचलला नाही'. "तुमचा फोन लागतोय म्हटल्यावर माणूस धाडला नाही. वाटलं, नंबर दिसेल, तुम्ही उलटा लावाल. तो धाडायला पाहिजे होता, ही माझी चूक. पण फोन तर वाजत होता ना?"

"वाजत होता," सुगंधा म्हणाली.

पानसकरांनी तिच्याकडे बघितलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि तिला दिला. ती पाणी प्यायली. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही प्याल?" मी पण प्यायलो. वर्गांच्या खिडक्यांतून मुलांची डोकी दिसत होती, सगळी खाली वाकलेली.

परतीच्या वडापमध्ये आम्हाला मागची जागा मिळाली. सुगंधानं पट्टी दोन्ही गुडघ्यांवर आडवी धरली होती. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "मी उठले होते."

"हो."

"तुम्ही बस म्हणालात."

"हो."

ती आणखी काही विचारेल म्हणून मी थांबलो. तिनं विचारलं नाही. तिच्या जागी दुसरं मूल असतं तर रडलं असतं, आणि मी त्याला समजावलं असतं. रडणाऱ्या मुलांना समजावणं मला चांगलं जमतं.

होडीत रावजी म्हणाला, "कसा गेला प्येपर?" सुगंधानं पट्टी पिशवीत घातली. त्यानं इंजिनाचा आवाज वाढवला.

आंबवणच्या काठावर पंधरा-वीस माणसं उभी होती. म्हशीला रेडी झाली होती, म्हणून धाकलू खुशीत होता. गंगूआत्याच्या हातात खरवसाची वाटी होती. सुगंधा उतरली आणि आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"काय गुरुजी," धाकलू म्हणाला, "आमचं कलेक्टर काय म्हनतंय?"

मी होडीतून उतरलो. पाय पाण्यात होते. मी म्हणालो, "परीक्षेला बसू दिलं नाही. केंद्र बदललं होतं. आपल्याला कळवलंच नाही त्यांनी."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. ते बाहेर आल्यावर मी ऐकलं.

"कळवलं न्हाय म्हंजी?" धाकलू म्हणाला. "बाकीच्यास्नी?"

"बाकीच्यांना कळवलं होतं."

"मग आमालाच न्हाय. पान्यापलीकडची म्हनून. आमी मानसं न्हाय."

"शाळंत फोन हाय की," रावजी म्हणाला. "फोन तरी करायचा त्यांनी."

"फोन आला अस्ता तर मोजला न्हसता काय?" गंगूआत्या म्हणाली. "सारी वाडी मोजती. सुगंधे, तू असतीस न्हवं रोज खिडकीपाशी? वाजला व्हता?"

सगळे सुगंधाकडे बघायला लागले. मीही बघितलं. तिच्या आईचा हात तिच्या डोक्यावर होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. पाण्याकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "शुक्रवारी सराव होता. वाजला नाही."

मग माणसं एकदम बोलायला लागली. मोर्चा न्यायचा, कलेक्टरकडे जायचं, शिवरामला सांगून पेपरात छापून आणायचं. धाकलू लेकीकडे बघत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "गुरुजी, अर्ज करू. पोरगीची परीक्षा पुन्यांदा घ्या म्हनून. कायदा आसंल की कायतरी."

मी म्हटलं, "करू."

त्या अर्जाचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. तीन महिन्यांनी उत्तर आलं. चौकशी करण्यात आली. संबंधित कर्मचाऱ्यानं सर्व शाळांना सूचना दिल्याची खात्री केली नाही, सबब त्यांच्यावर कारवाई करण्यात आली. तथापि पुनर्परीक्षेची तरतूद नाही. पानसकरांची दूरच्या तालुक्याला बदली झाली. त्यांच्या सेवापुस्तकात नोंद झाली, असं मला नंतर केंद्रप्रमुखांनी सांगितलं. त्यांची ती वही चौकशीत कोणी बघितली की नाही, मला माहीत नाही. मला कोणी विचारलं नाही.

सुगंधा चौथीनंतर घरी राहिली. धाकलूनं विषय काढला नाही आणि मीही काढला नाही, कारण तसं ठरलं होतं. दोन वर्षांनी माझी बदली झाली. ती वीस वर्षांची झाल्यावर तिचं लग्न ठरलं, पत्रिका आली, मी गेलो. जेवून आलो. रावजीचा तो फोन तेव्हाही चालू होता. म्हणाला, "लई टिकला, गुरुजी. आता नुस्ता बॅटरीला वापरतो." मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली. संध्याकाळी आळीतली सात-आठ मुलं माझ्याकडे येतात. मी त्यांना गणित शिकवतो. मुलं म्हणतात, आजोबा, तुम्ही कधी रागावत नाही.

अर्ज परीक्षेच्या त्या रविवारी संध्याकाळीच लिहिला. शाळेच्या ओट्यावर वाडी जमली होती. सही येणारे पुढे, अंगठेवाले मागे. मी खुर्चीवर बसलो. धाकलूनं लेकीला हाक मारली, "ये गं, तुझंच काम हाय. तुझ्या अक्षरात जाऊ दे. साहेबाला कळू दे कसलं पोर बसू दिलं न्हाय ते."

सुगंधा आली. हातपाय धुतले होते, वेणी नवीन घातली होती. मी तिला रेघी कागद दिला. तिनं तो पाटीवर ठेवला, डाव्या बाजूला समास आखला आणि माझ्याकडे बघितलं.

मी सांगायला लागलो. प्रति, मा. शिक्षणाधिकारी साहेब. विषय. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करण्यात येतो की. ती भरभर लिहीत होती. मी प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचो, वर्गात शुद्धलेखन सांगताना म्हणतो तसं. कुमारी सुगंधा धाकलू शेलार ही आमच्या शाळेची हुशार विद्यार्थिनी असून. तिथं ती जराही थांबली नाही. दुसऱ्या कोणाचं नाव लिहावं तसं लिहिलं.

"सदर परीक्षेचे केंद्र बदलल्याची," मी म्हणालो, "सदर परीक्षेचे केंद्र बदलल्याची कोणतीही सूचना आम्हास मिळाली नाही. फोनही आला नाही."

तिचं पेन कागदावर टेकलं होतं. ते हललं नाही.

"काय झालं?" धाकलूनं विचारलं.

"काही नाही." तिनं मान वर केली. "गुरुजी, असंच लिहू?"

ओट्यावर कोणी तरी खोकलं. गंगूआत्या कोणाला तरी सांगत होती की अंगठ्याला शाई लावायच्या आधी हात धुवावा. सुगंधा माझ्याकडे बघत होती. मला चार वर्षं तिचे प्रश्न माहीत होते. रीत विचारायची तेव्हा तिचा चेहरा कसा असतो आणि उत्तर आधीच माहीत असताना कसा असतो, ते मला ओळखता येत होतं. हा दुसरा होता. मी काय म्हणतो ते तिला फक्त ऐकायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "असंच लिही."

तिनं लिहिलं. त्या ओळीचं अक्षर वरच्या ओळींसारखंच आलं, एकही काना तिरपा नाही. शेवटचं वाक्य मी सांगितलं, आपले विश्वासू, समस्त ग्रामस्थ, मौजे आंबवण. मग मी सवयीनं म्हणालो, "खाली माझ्या सहीला जागा सोड."

"सोडलीय," ती म्हणाली, आणि कागद माझ्यापुढे केला.